शिफ्ट कोण धरणार?

आमच्या दोघींत मिळून एक राजपुत्र होता. बाणांच्या चार कळा माझ्याकडे, शिफ्ट सुनीकडे. क्लासमध्ये गेम खेळायला एका कॉम्प्युटरवर दोघांना बसवायचे आणि भांडलात तर दोघांनाही उठवीन असा सरांचा दम होता, म्हणून आम्ही कीबोर्डचीच वाटणी करून टाकली. धावणं, उडी मारणं, वर चढणं माझं. पण कड्याला लोंबकळून राहायचं, पडलेली तलवार उचलायची, बाटलीतलं औषध प्यायचं, जमिनीतून वर येणाऱ्या सुळ्यांमधून एकेक पाऊल जपून टाकायचं आणि समोर शिपाई आला की वार करायचा, हे सगळं शिफ्टवर. म्हणजे सुनीवर. मी उडी मारली, राजपुत्राचे हात पलीकडच्या कड्याला पोचले, आणि नेमक्या त्या क्षणी सुनीने शिफ्ट धरली नाही, की तो थेट खाली. मग ‘तू धरलं नाहीस’ आणि ‘तूच उशिरा उडालीस’ हा वाद घर येईपर्यंत पुरायचा.

१९९४ चा उन्हाळा. आमची नववी संपली होती. सुनी माझी मावसबहीण, सहा महिन्यांनी मोठी, सुट्टीला बार्शीला आमच्याकडे आलेली. भगवंताच्या देवळापासून जवळच एका स्टेशनरीच्या दुकानाच्या माडीवर नवीन कॉम्प्युटर क्लास निघाला होता. चपला जिन्यात काढायच्या, पाय पायपुसण्याला घासायचे, मगच दार उघडायचं, कारण आत एसी. यंत्रांना आमच्यापेक्षा जास्त मान होता. प्रत्येकाला फुलाफुलांचं प्लास्टिकचं कव्हर, आणि ते घडी करून ठेवण्याची पाळी ठरलेली. चार २८६, म्हणजे तेव्हाच्या जुन्या प्रोसेसरचे कॉम्प्युटर. सरांच्या टेबलावर त्याच्या पुढचा एक ३८६, त्याला फक्त सर हात लावत. कोर्स म्हणजे डॉस (विंडोजच्या आधीची, हुकूम टाइप करून कॉम्प्युटर चालवायची पद्धत), पत्रं लिहायला वर्डस्टार, हिशेबाला लोटस आणि वेळ उरला तर याद्या ठेवायला डीबेस. तास बरोबर एक तासाचा. त्यातली शेवटची वीस मिनिटं गेम, तीसुद्धा सर खुशीत असतील तर आणि लाइट असेल तर.

गेम म्हणजे प्रिन्स ऑफ पर्शिया. राजकन्येपाशी पोचायला त्यात साठ मिनिटं मिळतात आणि ती खरीखुरी साठ मिनिटं असतात, घड्याळातली. आम्हाला मिळायची वीस. हे गणित पुढे येणारच आहे.

आता यंदाचं सांगते. सुनीच्या दिराच्या मुलीचं लग्न चिंचवडला होतं. ती आठ दिवस आमच्याकडे राहणार होती. फोनवर साड्या, केटरर, कोण येणार कोण नाही हे सगळं झाल्यावर ती एकदम म्हणाली, “अगं, तो आपला राजपुत्र मिळतो का गं कुठे अजून?”

मी म्हटलं, ये तर खरी, लावून ठेवते. मी दिवसभर टॅलीत असते, जीएसटीची पोर्टलं माझ्याशी कशी वागतात ते मी रोज बघते, तेव्हा एक जुना गेम लावणं म्हणजे काय मोठंसं, असं मला वाटलं. भावाच्या जुन्या सीड्यांच्या पाकिटात एक ‘१०० गेम्स’ लिहिलेली सीडी होतीच. सीडी ड्राइव्ह नव्हता, तो ऑफिसातल्या एकाकडून आणला. फोल्डर कॉपी केला. डबल क्लिक.

हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही.

माझा मुलगा खांद्यावरून बघत होता. तो म्हणाला, “आई, एवढीशी फाइल? माझ्या फोनमधला एक फोटो याच्यापेक्षा मोठा असतो.” त्याचं म्हणणं खरं होतं. खरं तर राग त्याचाच येतो. फार दणकट, फार मोठं काही असतं आणि लॅपटॉपला पेललं नसतं, तर समजण्यासारखं होतं. इथे हत्तीला मुंगीचं ओझं उचलता येत नव्हतं.

रात्री वाचत बसले तेव्हा कारण कळलं. आमच्या घरात पणजोबांच्या वेळची जमिनीची कागदपत्रं आहेत, मोडीतली. घरात एम.ए. झालेले दोघं, एक इंजिनिअर, पण ती कागदं कुणाला वाचता येत नाहीत. भाषा मराठीच, मजकूरही साधासुधा, अमक्याची विहीर, तमक्याचा बांध. लिपीचा सराव तेवढा तुटलेला. डॉसचे गेम असेच सोळा बिटांच्या वळणात लिहिलेले आहेत. १९८५ साली इंटेलचा ३८६ आला तेव्हा त्यात एक सोय ठेवली होती: नव्या पद्धतीने चालता चालता पोटातल्या पोटात जुना सोळा बिटांचा प्रोसेसर, ८०८६, असल्याचं सोंग घ्यायचं. बत्तीस बिटांची विंडोज वर्षानुवर्षं त्याच सोयीच्या जिवावर डॉसचे प्रोग्रॅम चालवत होती. पुढे प्रोसेसर चौसष्ट बिटांवर गेले, आणि त्या पद्धतीत चालताना हे सोंग घेता येत नाही. जिना होता, तो काढून त्या जागी लिफ्ट बसवली. लिफ्ट त्या जुन्या पोटमाळ्यापाशी थांबतच नाही. विंडोज ११ तर मुळातच फक्त चौसष्ट बिटांत येते. तेव्हा लॅपटॉपचं बिनसलेलं काहीच नव्हतं. त्याला माझी मोडी येत नव्हती.

मोडीला जाणकार गाठावा लागतो. डॉसच्या गेमांना डॉसबॉक्स. दोघा डच प्रोग्रॅमरांनी तो २००२ मध्ये पहिल्यांदा लोकांपुढे ठेवला आणि तेव्हापासून तो फुकट आहे. त्याची युक्ती मला फार आवडली. तो गेमचं भाषांतर करून विंडोजला देतो असं नाही. तो विंडोजच्या आत एक अख्खा जुना कॉम्प्युटर मांडतो. खोटा प्रोसेसर, खोटं साउंड कार्ड, खोटा पडदा. गेमला कळतच नाही की बाहेर काळ पुढे गेलाय. दुपारी झोपलेल्या आजोबांभोवती सगळं घर बदलून टाकावं, पण त्यांची खोली तेवढी होती तशी ठेवावी, तसं.

काळी खिडकी उघडली. झेड, दोन टिंबं, तिरपी रेघ, आणि पुढे लुकलुकणारी आडवी खूण. मी काही विचार करायच्या आत बोटांनी फाइलींची यादी मागणारा हुकूम ‘डीआयआर’ टाइप करून एंटर मारलं होतं. मग माउंटची एक ओळ लिहून माझा फोल्डर त्याला सी ड्राइव्ह म्हणून दाखवला, आणि पुढे नुसतं प्रिन्स.

आणि तो लागला. पहिल्या फटक्यात. रंगीत, वाजतगाजत.

मी दहा मिनिटं खेळले आणि बंद केलं.

काय खटकत होतं ते पटकन सांगता येईना. गेम उत्तम चालत होता. तळघराच्या निळसर भिंती, वाऱ्यावर हलणाऱ्या मशाली, राजपुत्राचे पांढरे कपडे. साउंड ब्लास्टर या साउंड कार्डाचं गुबगुबीत संगीत. पण बार्शीच्या माडीवरच्या त्या मॉनिटरला एकच रंग होता. कलर मॉनिटर महाग, म्हणून गावोगावच्या क्लासांत तेव्हा मोनोच असायचे. आमच्या राजपुत्राला रंग नव्हताच, आणि आवाज म्हणाल तर डबड्याच्या आतल्या टीचभर स्पीकरचा, डासाला गळा फुटावा तसा.

मग एक बाटली आली. तिच्या तोंडाशी बुडबुडे उडत होते. तांबडे. थोडं पुढे गेल्यावर दुसरी. तिचे निळे.

तांबडे बुडबुडे म्हणजे औषध. निळे म्हणजे विष.

हे मला तीस वर्षांनी कळत होतं! ज्यांच्याकडे कलर मॉनिटर होता त्यांना विष लांबूनच दिसायचं. आम्हाला एकाच रंगाचे बुडबुडे. सुनी प्रत्येक बाटलीशी थांबायची, शिफ्टवर बोट ठेवून म्हणायची, “पिऊ?” आणि मी म्हणायची, “पी.” कधी जिवाचा एक त्रिकोण वाढायचा, कधी एक जायचा. मग सुनीच्या वहीत नकाशात त्या जागी ‘औ’ नाहीतर ‘वि’. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघींनी किती विष प्यायलो त्याला सुमार नाही. आम्हाला वाटायचं गेमच तसा आहे, प्यायल्याशिवाय कळायचं नाही असाच नियम आहे. तो नियम गेमचा नव्हता, आमच्या मॉनिटरचा होता.

म्हणजे नीट चालणारा गेम हा आमचा गेम नव्हताच. सुनी येऊन बसेल, तांबडी बाटली बघेल, आणि विचारायचं काही उरणारच नाही.

तेव्हा मी तो बिघडवायला घेतला.

सुधारायला जेवढा वेळ लागला होता त्याच्या चौपट बिघडवायला लागला. डॉसबॉक्सची एक सेटिंगची फाइल असते, साधी मजकुराची. तिच्यात ‘मशीन’ या शब्दापुढे ‘हर्क्युलिस’ लिहिलं की तो खोटा कॉम्प्युटर आपल्या खोट्या पेटीतलं, पडद्यावर चित्र उमटवणारं रंगीत कार्ड काढतो आणि हर्क्युलिसचं बसवतो. आमच्या क्लासमधल्या यंत्रांत हेच कार्ड असायचं. सरांच्या तोंडून हे नाव ऐकून मी बरेच दिवस तो एखाद्या पंख्याचा ब्रँड समजत होते. ७२० गुणिले ३४८ ठिपके, प्रत्येक ठिपका एक तर पेटलेला नाहीतर विझलेला. हे कार्ड १९८२ साली व्हान सुवन्नुकुल नावाच्या थायलंडहून अमेरिकेत गेलेल्या माणसाने बनवलं, आणि का, तर त्याला पीसीवर थाई लिपीत लिहायचं होतं. आयबीएमच्या कार्डाला इंग्रजीपलीकडे अक्षर नीट काढता येईना. आपल्या लिपीच्या वेलांट्या-उकार पडद्यावर दिसावेत म्हणून एकाने केलेला खटाटोप, आणि त्याच्यावर बार्शीत दोन मराठी पोरी इराणी राजपुत्र नाचवतात. मला हे वाचून उगीचच बरं वाटलं.

साउंड ब्लास्टरपुढे ‘नन’, म्हणजे काहीच नको, असं लिहिलं. गुबगुबीत संगीत गेलं, डास आला. गेम सुरू होतानाची ती धून त्या किरकिऱ्या आवाजात वाजली आणि माझ्या मानेवर एसीचा वारा आल्यासारखं झालं. राहता राहिला वेग. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल आणि एफ ११ दाबत गेलं की खोटा प्रोसेसर मंद होत जातो, एफ १२ ने जलद. मी एफ ११ वर ठोकत राहिले, राजपुत्राची धाव जड होईपर्यंत, पायऱ्या चढताना तो किंचित अडखळेपर्यंत. मुलगा म्हणाला, “आई, तू आठ जीबी रॅमवर मुद्दाम लॅग आणतेयस?” आणते. काय म्हणणं आहे?

त्याने त्याच्या पद्धतीने सोपा मार्ग शोधून दिला होता. एका हौशी माणसाने डॉसचा तो गेम पूर्ण उलगडून नव्याने बांधलाय, एसडीएलपॉप नावाने. त्याला डॉसबॉक्स लागत नाही, फोल्डर उघडा की खेळा. मूळ गेममधले बारीकसारीक दोषसुद्धा त्यात हवे तर दुरुस्त करून घेता येतात, हवे तर तसेच ठेवता येतात. काम पाहून हात जोडावेत असं आहे. मुलगा त्यात बाण आणि शिफ्ट दोन्ही एकटाच दाबत होता आणि अर्ध्या तासात आमच्या चार दिवसांच्या पुढे गेला. मी म्हटलं, शिफ्ट दुसऱ्याने धरायची असते. तो म्हणाला, “का? मला दोन हात आहेत ना.”

अस्सल कशाला म्हणायचं, याचा विचार त्या रात्री डोक्यात घोळत राहिला. जॉर्डन मेक्नरने हा गेम लिहिला तो ॲपल टू या यंत्रासाठी, १९८९ मध्ये आलेला. आपला धाकटा भाऊ डेव्हिड याला पांढरे कपडे घालून त्याने गाडीतळावर पळायला आणि उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं, मग एकेक चौकट गिरवून राजपुत्राची चाल तयार केली. म्हणून तो माणसासारखा पळतो, वळताना घसरतो, कड्यावर चढताना त्याला श्रम होतात. ॲपलवर मेमरी इतकी तोकडी की शत्रूला वेगळी चित्रं परवडेनात. तेव्हा राजपुत्राचीच चित्रं आकड्यांच्या एका हिकमतीने उलटीपालटी करून त्याची छाया उभी केली, आणि तीच गेमची सगळ्यात नामी गोष्ट ठरली. गेमचं संगीत मेक्नरच्या वडिलांचं. आणि त्याच वडिलांना २०१२ मध्ये घरात एका खोक्यात जुन्या फ्लॉप्या सापडल्या, ज्यांवर मूळ प्रोग्रॅम होता. जाणकारांनी तो जपून उतरवून घेतला आणि मेक्नरने तो सगळ्यांसाठी खुला केला. म्हणजे मला अस्सलच हवं असेल तर ते चार क्लिकांवर आहे. पण ॲपल टू मी जन्मात पाहिलेला नाही. आमच्याकडे आला तो १९९० चा डॉसचा गेम, आणि तोही कॉपीची कॉपी, तिची कॉपी, सोलापूरहून कुणाच्या तरी भाच्याने फ्लॉपीवर आणलेली. माहितीपुस्तक तर कुणीच बघितलं नव्हतं.

माहितीपुस्तक नसण्याची शिक्षा गेम द्यायचाच. पहिली लेव्हल संपली की एक खोली यायची, तिच्यात ओळीने बाटल्या, प्रत्येक बाटलीवर एक इंग्रजी अक्षर. आणि हुकूम: माहितीपुस्तकाच्या अमुक पानावर, अमुक ओळीत, अमुक क्रमांकाचा शब्द बघा, त्याचं पहिलं अक्षर असलेली बाटली प्या. चोरून कॉपी करणाऱ्यांना अडवायचं कुलूप. सगळी बार्शी चोर. चुकीची बाटली महागात पडायची, शिवाय वीस मिनिटांतली मिनिटं तिथेच जायची. तेव्हा क्लासच्या सगळ्या बॅचनी मिळून त्या कुलपाची किल्ली घासून घासून तयार केली होती. ज्याला जे अक्षर नशिबाने लागलं ते त्याने सांगायचं. सुनीच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्याचा तक्ता होता, पान, ओळ, शब्द, अक्षर. काही घरांत प्रश्नचिन्हं.

बिघडवलेल्या गेममध्ये पहिली लेव्हल पार करून मी त्या खोलीत पोचले आणि अडकले. सुनीला फोन लावला. रात्रीचे साडेदहा.

“वही आहे का गं?”

“कुठली?”

“औ आणि वि.”

पलीकडे शांतता. मग कपाट उघडल्याचा आवाज. पाच मिनिटांनी व्हॉट्सॲपवर पिवळ्या पडलेल्या पानाचा फोटो, आणि खाली तिचा मेसेज: ‘गॅसच्या पुस्तकाबरोबर होती.’ मी तक्त्यात घर शोधलं, अक्षर बघितलं, बाटली प्यायले. दार उघडलं. एका छोट्या गावातल्या पोराटोरांनी चाचपडत जमवलेलं अक्षर, तीस वर्षांनी, अगदी बिनचूक.

आता ते गणित. साठ मिनिटांचा गेम वीस-वीस मिनिटांत खेळायचा तर तो मध्येच साठवून ठेवायला लागतो. प्रिन्समध्ये तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल आणि जी दाबून ते करता येतं. पण साठवायला जागा एकच. प्रिन्स डॉट सॅव नावाची एक फाइल, दुसऱ्याने साठवलं की पहिल्याचं पुसलं. आमच्यामागून चार ते पाचची मुलांची बॅच त्याच यंत्रावर बसायची. तिसऱ्या लेव्हलमध्ये एक सांगाडा आहे. आधी नुसती हाडं पडलेली दिसतात, आणि बाहेरचं दार उघडून आपण निघालो की ती हाडं उठून तलवार धरतात. तो वाराने मरत नाही. कितीही हाणा. त्याला मागे रेटत रेटत कड्यावरून खाली पाडावा लागतो. हे कळायला आम्हाला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी सुनीने शिफ्टवर असे काही वार केले की एंटरच्या बाजूची कळसुद्धा थरथरली, सांगाडा खाली गेला, आम्ही पुढे पोचलो, साठवलं. सहाव्या दिवशी आलो तर त्या जागी मुलांचा गेम. आमच्यापेक्षा मागचा! सुनी जिन्यात बसून रडली.

त्या रात्री मी क्लासची डॉसची वही पहिल्यांदा मनापासून वाचली. दुसऱ्या दिवसापासून निघताना आरईएन लिहून आमच्या फाइलचं नाव ‘सुनी डॉट डब्ल्यूएस’ करायचं, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं वर्डस्टारचं काहीतरी पत्र आहे, आणि आल्यावर पुन्हा मूळ नाव द्यायचं. कॉपी, आरईएन, ॲट्रिब, डेल, यातलं काही मी अभ्यास म्हणून शिकलेले नाही. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, आरईएन कशासाठी वापरतात? मी म्हटलं, दुसऱ्यापासून फाइल लपवायला. सर काही बोलले नाहीत, पण मार्क पूर्ण दिले. आज ऑफिसात कुणाची फाइल हरवली की मलाच बोलावतात, ती विद्या तिथली.

एक गोष्ट मात्र सुनीला सांगितलेली नव्हती.

चार ते पाचच्या बॅचमधल्या एकाने एका प्लेट भज्यांच्या बदल्यात मला एक शब्द विकला. मेगाहिट. गेम सुरू करताना प्रिन्सपुढे हा शब्द लिहायचा, मग शिफ्ट आणि एल दाबलं की लेव्हल आपोआप पुढे. सुनीला ताप आला होता त्या दिवशी मी एकटीच क्लासला गेले होते. सगळा कीबोर्ड माझा. शिफ्ट-एल, शिफ्ट-एल, शिफ्ट-एल. राजवाडे, तळघरं, ज्यांच्यावर आम्ही दिवसेंदिवस बोलणार होतो त्या सगळ्या खोल्या एकेक सेकंद लुकलुकून गेल्या. शेवटी राजकन्या. राजपुत्र पळत आला, तिला मिठी मारली, एक उंदीर येऊन बघत बसला. संपलं. फुटलेला पेपर हातात आल्यावर वाटतं तसं वाटलं; उत्तरं सगळी आली आणि परीक्षाच गेली. घरी आले तर सुनी गोधडीतून विचारतेय, “कुठवर गेलीस?” मी म्हटलं, लाइट गेले होते.

लग्न पार पडलं. हळद, मांडव, पाठवणी. शेवटच्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघीच. मी लॅपटॉप डायनिंग टेबलावर ठेवला. सुनी खुर्ची ओढून न सांगता डावीकडे बसली आणि तिचा उजवा हात डाव्या शिफ्टवर जाऊन बसला. गेम लागला. काळ्यावर पांढरा.

“पांढरा नव्हता,” सुनी म्हणाली. “हिरवा होता.”

“हिरवा कुठला? नारिंगी होता. गुळाच्या पाकासारखा.”

हर्क्युलिस लावलेलं असलं की डॉसबॉक्समध्ये एफ ११ ने मॉनिटरचा रंग बदलतो: पांढरा, नारिंगी, हिरवा. मी दाबलं, नारिंगी झाला. मी म्हटलं, बघ. तिने दाबलं, हिरवा झाला. ती म्हणाली, बघ. आम्ही तीन-चार वेळा फिरून आलो. मला खरंच नारिंगी आठवतो. तिला खरंच हिरवा. आम्ही एकाच खुर्चीवर अर्ध्या-अर्ध्या बसायचो, तेव्हा दोघींचंही खरं असणं शक्य नाही. शेवटी ती पाहुणी म्हणून हिरवा ठेवला.

पहिला शिपाई आला. सुनीने वार केले. टक टक टक टक टक, आणि मोठ्ठा टुंग असा आवाज होऊन पडद्याच्या मधोमध चौकोन: तुम्हाला स्टिकी कीज चालू करायच्या आहेत का? शिफ्ट लागोपाठ पाचदा दाबली की विंडोज विचारतेच. तोवर मागे शिपायाने राजपुत्राला आडवं केलं होतं. सुनी म्हणाली, “हा कोण मध्येच?” आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या काकू गॅलरीतून डोकावल्या. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद केलं. सगळा जुना कॉम्प्युटर मांडला होता, आणि आतला राजपुत्र बाहेरच्या एका शिफ्टने मेला.

दुसऱ्या लेव्हलपर्यंत हात बसले. एका बाटलीपाशी ती थांबली.

“पिऊ?”

“वहीत बघ की.”

“बघायचं नाही. पिऊ?”

“पी.”

वि.

मग मी तिला मेगाहिटचं सांगितलं. भजी, ताप, शिफ्ट-एल, उंदीर, सगळं. पडद्यावरून नजर न काढता ती म्हणाली, “माहितीये.”

“कसं काय?”

“आधी रोज म्हणायचीस, राजकन्या शेवटी काय बोलत असेल गं, काय बोलत असेल. त्या दिवसानंतर एकदाही विचारलं नाहीस.” मग जरा थांबून, “काय बोलते?”

“काही नाही बोलत.”

“बरं. आता समोर बघ, खड्डा आहे. पळत ये, आणि मी सांगते तेव्हाच उडी मार.”

मी पळत आले. ती ‘आत्ता’ म्हणाली. उडी मारली. राजपुत्राचे हात पलीकडच्या कड्याला लागले, आणि तो थेट खाली गेला.

“तू धरलं नाहीस.”

“तूच उशिरा उडालीस.”